भाव पडेपर्यंत

काल कूलर गच्चीवरून खाली उतरवला. गेल्या वर्षीच्या वाळक्या ताट्या फेकल्या, नवा वाळा भरला, टाकी घासली, मोटरला तेलाचे दोन थेंब दिले आणि बटण दाबलं. पहिला ओला, मातकट वास घरभर पसरला तशी बायको डोळे मिटून म्हणाली, आला बाई एकदाचा थंडावा. मी गुमान बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. अख्ख्या अमरावतीला त्या वासानं गार वाटत असेल, मला मात्र तो वास सोसत नाही. बायकोला हे माहीत आहे, म्हणून तिनं हाक मारली नाही.

आणि नेमका त्याच वेळी मोबाईल वाजला. अकोल्याचा संजू. माझा कॉलेजपासूनचा दोस्त. अकोल्यात त्याचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि जगात कुठंही नवीन ग्राफिक्स कार्ड निघणार अशी कुणकुण लागली की ती मला कळवल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. एकाच पाटीवर दोन चिपा बसवलेलं कार्ड पुन्हा येणार अशी बोंब आहे म्हणे. किंमत ऐकून चक्कर येईल, पण समोरची कंपनीही टक्कर देणार आणि मग भाव पडणार. खाली लिहिलं होतं, थांबतं का घेतं?

मी मोबाईल पालथा घातला. हे सगळं मी एकदा ऐकलेलं आहे. ह्याच वासात, ह्याच उन्हात, ह्याच माणसाच्या तोंडून.

मी लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. कॅमेरा काय, आता कुणीही धरतो. आमचा खरा धंदा मिक्सिंगचा. तीन-तीन दिवसांचं चित्रण कापायचं, जोडायचं, रंग सारखे करायचे, फुलं उडवायची, नवरा-नवरीला ढगात बसवायचं. त्यासाठी कॉम्प्युटरच्या पोटात एक वेगळी पाटी लागते, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. चित्राचं सगळं ओझं ती उचलते. अशी कार्डं काढणाऱ्या मोठ्या कंपन्या तेव्हा दोनच, आणि डब्यांच्या रंगावरून आम्ही त्यांना हिरवी आणि लाल म्हणायचो. मी हिरवीचा, संजू लालचा. कशापायी, ते विचारू नका. शंकरपटाच्या शर्यतीत लोक दुसऱ्याच्या बैलजोडीसाठी एकमेकांची डोकी फोडतात ना, तसलाच प्रकार. त्या कंपन्यांना आमच्या जिवंत असण्याचा पत्ता नव्हता आणि आम्ही त्यांच्यावरून महिना महिना अबोला धरायचो. बायका-पोरं असलेले दोन बाप्ये! आता आठवलं की स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटते.

तो उन्हाळा सुरुवातीपासूनच वाईट होता. वऱ्हाडातला माणूस उन्हाला भीत नाही. खिशात कांदा ठेवतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळतो आणि निघतो कामाला. पण त्या वर्षी लोक उन्हाकडं बघून गप्प व्हायला लागले होते. अकरा वाजता रस्ता रिकामा. कावळा नळाच्या तोटीखाली चोच उघडून बसलेला, हाकललं तरी उडायचा नाही. डांबरात चप्पल रुतायची आणि काढताना चर्र आवाज यायचा. दुकानाचं शटर उघडताना हाताला फडकं गुंडाळावं लागायचं. आत गेलं की कॉम्प्युटरचा डबा बंद असूनही गरम लागायचा. काहीतरी बिघडणार, असं मला सारखं वाटत राहायचं. कॉम्प्युटर बिघडेल, असं वाटायचं. माझी अक्कल तेवढीच.

आमच्या समोरच्या घरात इंगळे काका राहतात. आजही राहतात, त्यांचा कूलर दर वर्षी मीच लावून देतो. सरकारी बसवर ड्रायव्हर होते, अमरावती-अकोला रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ. काकू लवकर गेल्या. एकच पोरगी, वर्षा. ती अकोल्याला दिली आणि त्या लग्नाचं शूटिंग अर्थातच मी केलं. नवा मोठा कॅमेरा त्याच लग्नासाठी आणला होता. वर्षा माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली, तिचं लग्न मी जुन्या कॅमेऱ्यात कसं काढणार?

लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी काका भर दुपारी दुकानात आले. स्टुलावर बसायला गेले ते अर्धे बाहेरच बसले, मी हात धरला म्हणून वाचले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘पोरीच्या बापाले लग्न दिसते का रे कुठी? मी सारा वेळ बुंदीच्या घमेल्यापाशी उभा होतो. बुद्धवंदना झाली, फुलं टाकले लोकाईनं, मले नुसतं ऐकू आलं.’

खरं होतं ते. माझ्याकडच्या तीन दिवसांच्या चित्रणात काका जिथं तिथं पाठमोरे होते. कुणाला तरी वाढा म्हणून सांगताना, व्याह्यांसाठी खुर्ची उचलताना, मंडपवाल्याशी बोलताना. पोरीकडं तोंड करून उभे आहेत असं एकही दृश्य नव्हतं.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते हळू आवाजात, दुकानात दुसरं कुणी नसताना. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. बाजूबाजूनं नजर आधीच खाऊन टाकली होती, आता समोरचंच काय ते उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, औषधाचे थेंब टाकून राहिलेली टिकवायची, पण फार उशीर झालाय, किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. आयुष्यभर दोन्ही बाजूंच्या आरशांत बघून गाडी हाणलेला माणूस, आणि त्याचे आरसेच काढून घेतले.  ते म्हणाले, ‘वर्षीले सांगू नको, नवीन घर हाय तिचं. तू फक्त लवकर कर बाप्पा. मले एकडाव नीट पाहू दे.’

मी छातीठोक सांगितलं, आठ दिवसांत देतो. आणि देता आलं असतं हो. माझं जुनं कार्ड रडतखडत का होईना, ओढणारं होतं. नव्या कॅमेऱ्याचं चित्र त्याला जड जायचं, एवढंच.

त्याच आठवड्यात संजूचा फोन आला. हिरवी कंपनी दोन चिपांचं कार्ड काढतेय! दोन कार्डांचं काम एका पाटीवर. किंमत मात्र नव्याकोऱ्या दोन फटफट्यांएवढी. पण आतली बातमी अशी की लालवालेही गप्प बसलेले नाहीत, त्यांचंही दोन चिपांचं येतंय, निम्म्या भावात, आणि ते आलं की हिरवीला झक मारत उतरावं लागणार. आतली बातमी म्हणजे काय, तर परदेशातल्या कुणीतरी इंटरनेटवर लिहिलेलं. लिहिणाऱ्यानं ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं. आम्ही दोघं ते रोज असं वाचायचो जसं काही आमच्याच घरचं पत्र आलंय. माझ्या डोक्यात बसलं की वर्षाची फिल्म ह्या कार्डावरच करायची. असं काम करायचं की काका बघतच राहतील. संजू म्हणाला, ‘घाई नको करू बे. पंधरा दिवस थांब, भाव पडते.’

भावासाठी थांबणं आमच्या रक्तातच आहे. लहानपणी आमच्या नांदगावच्या घरात अर्धी खोली कापसानं भरलेली असायची. बाबा भाव चढायची वाट बघायचे. आम्ही पोरं त्याच कापसावर झोपायचो, अंगाला खाज सुटायची, पुरळ उठायचे, आई करवादायची, पण बाबा म्हणायचे, थांब अजून जरा. थांबणारा तो शहाणा, घाई करणारा तो येडा, हेच बघत मोठा झालो. बाबा भाव चढायची वाट बघायचे आणि मी पडायची बघत होतो, एवढाच काय तो फरक. कापूस खोलीत पडून राहतो. माणसाचे डोळे पडून राहत नाहीत, हे माझ्या टाळक्यात शिरायला हवं होतं.

पंधरा दिवस झाले. हिरवीची तारीख पुढं गेल्याची अफवा आली. मग किंमत वाढल्याची. मग लालवाल्यांनी कुणाला तरी गुपचूप कार्ड दाखवल्याची. मी सकाळी दुकान उघडलं की आधी तेच बघायचो. वर्षाच्या लग्नाचं चित्रण डिस्कमध्ये जसंच्या तसं पडून होतं.

आणि काका रोज संध्याकाळी ओट्यावर दिसायचे. आधी चहाचा कप ठेवताना ओट्याची कड चुकली, कप फुटला. मी म्हटलं, होतं असं. मग एक दिवस समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला नुसते धडकलेच. मग भर उजेडात त्यांनी मला विचारलं, लाईन गेली काय रे? लाईन होती. डोक्यावर ट्यूब जळत होती. आणि मी काय केलं? घरी येऊन पुन्हा कार्डाचा भाव बघितला. आजही त्या संध्याकाळची मला शरम वाटते.

मध्येच एकदा संजूनं मात्र शहाणपणाची गोष्ट केली होती. त्याच्या दुकानाच्या काचेच्या कपाटात लाल कंपनीचं एका चिपेचं साधं कार्ड होतं. तो म्हणाला, हे घेऊन जा, वापर, फिल्म करून काकाले दे, मंग आणून दे. त्याचा चांगुलपणा होता तो. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, लाल डबा माझ्या दुकानात येणार नाही. तोही भडकला, फोन ठेवला. ते कार्ड दोन दिवसांत माझ्या टेबलावर आलं असतं. मी नको म्हटलं, कारण मग वर्षभर संजू मला चिडवत बसला असता.

वर्षाचाही फोन यायचा अधूनमधून. बाबा बरे आहेत ना, आवाजावरून काहीतरी लपवतात असं वाटतं, म्हणायची. मी म्हणायचो, उन्हाचं जरा मंद वाटतंय त्यांना, बाकी मजेत. ती म्हणायची, फिल्म झाली की मी येतेच, आम्ही बापलेक मिळून बघू. मी बरं म्हणायचो.

शेवटी काय झालं सांगू? हिरवीचा भाव पडलाच नाही. लालवाल्यांचं दोन चिपांचं कार्ड खरोखर निघालं, पुष्कळ कमी किमतीत, आणि मी हिरवीचा कट्टर भक्त, माझी चालती फटफटी विकून तेच लाल कार्ड संजूकडून घ्यायला तयार झालो. संजूनं नागपूरहून मागवलं. चिडवलं नाही त्यानं, एवढा बरा. मी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला, बसच्या खिडकीपाशी मांडीवर घेतला आणि भर मे महिन्यात अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या पुढं खिडकीतून जी हवा आत येत होती ती भट्टीतून आल्यासारखी होती. बाहेर शेतं तडकलेली, मधूनमधून जमिनीवर मिठाचा पांढरा थर आलेला. इकडची जमीन अशीच, पाणीही तसंच. लोक त्याला खारं पाणी म्हणतात आणि तोंड वाकडं करून पितात. मी ते पांढरे पट्टे बघत बसलो होतो आणि मनात काहीही आलं नाही.

कार्ड डब्यातून काढलं. हाताला जड, विटेएवढं. बसवलं, सुरू केलं. काय पळालं ते! वर्षाच्या लग्नाचा एक अख्खा तास बघता बघता तयार झाला. संजूनं माझ्या पाठीत धपाटा घातला. पण दोन चिपा म्हणजे दोन पेटत्या चुली, आणि बाहेर अकोल्याचा मे. तासाभरात डब्याला हात लाववेना. मशीन आपोआप बंद पडायला लागलं.

आता आमच्याकडं गरम झालेल्या सगळ्याला एकच औषध. पोराला ताप आला, कूलरसमोर निजव. पाहुणा उन्हातून आला, कूलरसमोर बसव. केळी पिकायला लागली, आंबे नरम पडले, फटफटीचं इंजिन तापलं, कर कूलरकडं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं, कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झाकणी काढली आणि डबा उघडा करून दुकानाच्या मोठ्या कूलरच्या तोंडाशी ठेवला. एवढं शिकलेले आम्ही, इंटरनेटवर सातासमुद्रापारच्या चिपांच्या गप्पा मारणारे. गार वारा लागला, मशीन पुन्हा पळायला लागलं. संजूनं कूलरच्या टाकीत बोअरचं पाणी काठोकाठ भरलं आणि आम्ही दोघं खुश.

तिसऱ्या दिवशी दुपारी, फिल्म पुरी व्हायला थोडंसंच राहिलं होतं तेव्हा, पडद्यावर वर्षाच्या चेहऱ्यावरून गुलाबी आणि हिरव्या रेषा सरकायला लागल्या. ती हसत होती आणि अर्धा चेहरा चौकटी चौकटी होऊन गळत होता. मग चट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि पडदा काळा पडला. कूलर मात्र घरघरत राहिला.

आम्ही कार्ड बाहेर काढलं. ओल्या वाऱ्याबरोबर पाण्याचा बारीक फवारा तीन दिवस त्याच्यावर बसत होता, वाळत होता, पुन्हा बसत होता. चिपांभोवती, तारांवर, सगळीकडं पांढरी भुकटी जमली होती. संजूनं ती बोटावर घेतली, जिभेला लावली आणि खाली बसत म्हणाला, ‘खारं हाय बे.’

कार्डाचा काही दोष नव्हता. कंपन्यांचाही नाही. त्यांनी कुठं सांगितलं होतं की आमचं कार्ड खाऱ्या पाण्यानं धुवा? डिस्क बचावली होती, मूळ चित्रण शाबूत होतं, तेवढं नशीब; अर्धवट फिल्म मात्र वाया गेली. परतीच्या बसमध्ये तोच डबा मांडीवर होता, आणि मला पहिल्यांदा काकांची खरीखुरी भीती वाटायला लागली. त्यांना काय सांगू ह्याची नव्हे. आपण त्यांना दिसू तरी की नाही ह्याची.

घरी आल्याबरोबर जुनं कार्ड परत बसवलं आणि कामाला लागलो. रडतखडत चाललं ते, पण चाललं. नऊ दिवसांत फिल्म तयार झाली. नऊ दिवस! त्यासाठी मी अख्खी लग्नसराई घालवली होती. शेवटचा भाग झाला तेव्हा मी दुकानात एकटाच ओक्साबोक्शी रडलो, आणि मग तोंड धुऊन वर्षाला फोन केला.

ह्या सगळ्याला आता कितीतरी उन्हाळे झाले. संजूची आणि माझी दोस्ती टिकली, हिरवं-लाल मात्र आम्ही परत कधी केलं नाही. कालच्या त्याच्या मेसेजला मी ओट्यावर बसूनच उत्तर लिहिलं, की माझ्या मशीनमध्ये जे आहे ते चालतंय. मग त्याचा फोन आला.  दोघांच्याही घरचे कूलर तेवढे ऐकू येत होते. त्याला आठवलं होतं, हे मला कळलं.

त्या उन्हाळ्यात मी फोन केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्षा दुपारच्या बसनं आली होती. काकांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, चष्मा पुसून पुसून घेतला होता. कूलर चालू होता, खिडक्यांना पडदे. त्यांनी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले, गाडी सुरू करायच्या आधी बसत तसे. वर्षा बाजूला जमिनीवर बसली. मी फिल्म लावली.

सुरुवातीची दोन-तीन मिनिटं मी मुद्दाम बिनआवाजाची ठेवली होती. मला तेव्हा ती मोठी कलाकुसर वाटली होती. नुसतं चित्र. पांढऱ्या साडीतली वर्षा हॉलच्या पायऱ्या चढतेय, दोन्ही बाजूंनी लोक फुलांच्या पाकळ्या टाकताहेत, एक पाकळी तिच्या केसांत अडकून राहते, ती मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधते. बापाला शोधत होती ती. बाप बुंदीपाशी होता. मी ते दृश्य चार वेळा कापून नीट केलं होतं, खास काकांसाठी.

वर्षा पडद्याकडं बघून हसत होती. काकांचं तोंडही टीव्हीकडंच होतं. ते हलले नाहीत, हसले नाहीत. एक मिनिट गेलं असेल. मग त्यांनी मान माझ्या बाजूला केली, मी उभा होतो तिथून जरा पलीकडं बघितलं आणि हसून म्हणाले, ‘लाव ना बाप्पा आता. कायची वाट पाहून राहिला?’

टीव्हीवर वर्षा पायऱ्या चढतच होती. खाली बसलेली वर्षा बापाच्या तोंडाकडं बघत होती, आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं.